परीक्षेचे गुण आणि पदव्युत्तर प्रवेश

दोन विद्यार्थ्यांची कल्पना करावी. दोघांनीही विद्युत अभियांत्रिकीची पदवी नुकतीच घेतली आहे. पहिल्याचे शिक्षण एका जुन्या विद्यापीठात झाले. तेथील परीक्षक गुण देताना हात आखडता घेतात आणि प्रथम वर्ग मिळवणारा विद्यार्थी वर्गात कौतुकाचा विषय होतो. त्याला ६२ टक्के गुण आहेत. दुसरा ज्या संस्थेत शिकला तेथे ८० टक्क्यांखालील विद्यार्थ्याला सामान्य समजले जाते. त्याला ८४ टक्के आहेत. दोघेही एकाच एम.टेक. अभ्यासक्रमासाठी अर्ज करतात आणि जागा एकच आहे. केवळ गुणपत्रिका पाहून निवड करायची झाल्यास दुसरा विद्यार्थी निवडला जाईल, आणि ही निवड बरोबर की चूक हे सांगण्याचे कोणतेही साधन निवडसमितीच्या हाती नसेल. शेकडो विद्यापीठे आणि हजारो महाविद्यालये असलेल्या देशात प्रत्येक गुणपत्रिका आपापल्या बोलीत बोलत असते. त्या सर्व बोलींचे भाषांतर करणारा दुभाषी कोठून आणावयाचा, हा पदव्युत्तर प्रवेशाचा मूळ प्रश्न आहे.

अभियांत्रिकीच्या क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९८३ साली ‘ग्रॅज्युएट अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट इन इंजिनिअरिंग’ ही परीक्षा अस्तित्वात आली. विद्यार्थिवर्गात ती ‘गेट’ या नावानेच ओळखली जाते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास व रुडकी येथील आय.आय.टी. अशा आठ संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या वतीने ही परीक्षा आळीपाळीने घेतात. प्रारंभी ती अभियांत्रिकीपुरती होती असे नावावरून वाटते. परंतु आज तीस विषयांच्या प्रश्नपत्रिका तिच्यात आहेत, आणि २०२१ पासून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांचाही त्यांत समावेश झाला आहे. विज्ञानशाखेतील एम.एस्सी. प्रवेशांसाठी २००४ पासून ‘जॅम’ नावाची वेगळी परीक्षा घेतली जाते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठी ‘कॅट’ आहे. येथे विचार मुख्यतः ‘गेट’चा केला आहे, कारण गुणांचे रूपांतर प्रवेशात कसे होते हे तिच्यात सर्वांत उघडपणे पाहता येते.

परीक्षेचे बाह्य स्वरूप साधे आहे. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. यांपैकी पंधरा गुण भाषा, तर्क आणि अंकज्ञान यांची सर्वसाधारण चाचणी घेणाऱ्या दहा प्रश्नांना असतात. उरलेले पंच्याऐंशी गुण विषयाला. काही प्रश्नांत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, काहींत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तर काहींत उत्तर म्हणून केवळ एक संख्या लिहावयाची असते. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जातात ते फक्त पहिल्या प्रकारात: एक गुणाच्या प्रश्नाला एकतृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोनतृतीयांश.

हा एकतृतीयांशाचा आकडा कोठून आला, याची उत्सुकता फार थोड्यांना असते. समजा, उमेदवाराला उत्तर मुळीच ठाऊक नाही आणि तो डोळे मिटून एका पर्यायावर बोट ठेवतो. चार वेळांपैकी सरासरी एकदा तो बरोबर ठरेल आणि त्याला एक गुण मिळेल. उरलेल्या तीन वेळा एकतृतीयांश याप्रमाणे एकूण एक गुण जाईल. जमा आणि खर्च सारखेच. निव्वळ अंदाजाने काहीच पदरात पडू नये, या हिशेबाने तो आकडा ठरविला आहे. मात्र चारांपैकी एक पर्याय निश्चित चुकीचा आहे एवढे जरी उमेदवाराला कळले, तरी उरलेल्या तिघांतून केलेल्या अंदाजाची सरासरी किंमत एकनवमांश गुण होते. दोन पर्याय बाद करता आले तर ती एकतृतीयांशावर जाते. अर्धवट ज्ञानालाही अशा प्रकारे थोडे मोल आहे. ‘चुकीच्या उत्तराला गुण कापतात म्हणून शंका असलेला प्रश्न सोडूनच द्यावा’ हा जो सल्ला घरोघरी दिला जातो, तो गणिताच्या कसोटीवर टिकणारा नाही.

परंतु शंभरांपैकी मिळालेले हे गुण प्रवेशासाठी जसेच्या तसे वापरले जात नाहीत. त्यांचे रूपांतर हजारांपैकी एका गुणांकात केले जाते. या रूपांतरामागील विचार नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. म्हणून तेथे थोडे थांबणे इष्ट होईल.

प्रत्येक विषयाच्या गुणांच्या मोजपट्टीवर दोन खुंट्या ठोकल्या जातात. खालची खुंटी म्हणजे खुल्या गटाची पात्रतेची मर्यादा. परीक्षेला बसलेल्या सर्वांच्या गुणांची सरासरी काढून तिच्यात प्रमाण विचलन मिळवले की ही मर्यादा मिळते. मात्र ती पंचवीस गुणांच्या खाली कधीच जाऊ दिली जात नाही. गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची असेल, तर या रेषेच्या वर सुमारे सोळा टक्के उमेदवार राहतात. वरची खुंटी म्हणजे अग्रस्थानी असलेल्या उमेदवारांच्या गुणांची सरासरी. अग्रस्थानी म्हणजे एकूण उमेदवारांपैकी वरचे ०.१ टक्का किंवा वरचे दहा, यांपैकी जी संख्या मोठी असेल ती. खालच्या खुंटीला ३५० आणि वरच्या खुंटीला ९०० हा गुणांक दिला जातो, आणि मधले अंतर सरळ प्रमाणात वाटून दिले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या विषयात पात्रतेची मर्यादा २८ गुण आणि अग्रगण्यांची सरासरी ८० गुण आली. या ५२ गुणांच्या अंतरात ५५० गुणांक वाटले जातील. म्हणजे प्रत्येक गुणाला साधारण साडेदहा गुणांक. साठ गुण मिळविणाऱ्याचा गुणांक ६८८ होईल. त्याने सोडून दिलेला दोन गुणांचा एखादा बहुपर्यायी प्रश्न त्याने बरोबर सोडवला असता, तर तो ७१० वर गेला असता. चुकीचा सोडवला असता, तर ६८१ वर उतरला असता. आता दुसरा विषय पाहावा. तेथील प्रश्नपत्रिका कठीण निघाली. पात्रतेची मर्यादा २५ आणि अग्रगण्यांची सरासरी ६५ इतकीच आली. पहिल्या विषयात पन्नास गुण मिळविणाऱ्याला ५८३ गुणांक मिळतो. दुसऱ्या विषयात त्याच पन्नास गुणांना ६९४ मिळतात. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याची शिक्षा उमेदवाराला होऊ नये, एवढाच या सर्व खटाटोपाचा उद्देश आहे.

आरक्षित गटांच्या संदर्भात एक गैरसमज वारंवार आढळतो. इतर मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट यांच्यासाठी पात्रतेची मर्यादा खुल्या गटाच्या नव्वद टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व अपंग उमेदवार यांच्यासाठी दोनतृतीयांश असते. मात्र गुणांक काढण्याचे सूत्र सर्वांना एकच आहे. समान गुण मिळविणाऱ्या दोन उमेदवारांचा गुणांक, त्यांचा गट कोणताही असो, समानच येतो. वरील पहिल्या उदाहरणात वीस गुण मिळविणारा अनुसूचित जमातीचा उमेदवार पात्र ठरतो, पण त्याच्या गुणपत्रिकेवर ३५० नव्हे तर २६५ हाच गुणांक असतो. सवलत आहे ती दाराच्या उंबरठ्याची. मोजपट्टी बदललेली नाही.

उमेदवारांची संख्या फार मोठी असलेल्या विषयांत परीक्षा एकाहून अधिक सत्रांत घ्यावी लागते. सकाळची प्रश्नपत्रिका सोपी आणि दुपारची अवघड निघाली तर काय, या शंकेवरही असाच उपाय आहे. प्रत्येक सत्रातील अग्रगण्यांची सरासरी आणि सत्राची सरासरी अधिक प्रमाण विचलन या दोन खुणा सर्व सत्रांच्या एकत्रित खुणांशी जुळवून गुण समपातळीवर आणले जातात. कोणत्या उमेदवाराला कोणते सत्र मिळावे हे त्याच्या गुणवत्तेशी निगडित नसल्यामुळे सर्व सत्रांतील समुदाय सारख्याच कुवतीचे असतात, हे यात गृहीत धरले आहे. समुदाय मोठे असताना हे गृहीत मानण्यास हरकत नाही.

निकालपत्रावर गुणांकाशेजारीच आणखी एक संख्या असते: अखिल भारतीय क्रमांक. वर्तमानपत्रांना आणि शिकवणी वर्गांच्या फलकांना हीच संख्या प्रिय असते. प्रवेशाच्या कामात मात्र तिला दुय्यम स्थान आहे, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. गेटचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. साहजिकच एकाच अभ्यासक्रमासाठी या वर्षीचे, गेल्या वर्षीचे आणि त्यामागील वर्षीचे उमेदवार एकाच यादीत उभे राहतात. एका वर्षीचा पाचशेवा क्रमांक आणि दुसऱ्या वर्षीचा पाचशेवा क्रमांक यांची तुलना करण्यास काही आधार नाही. कारण त्या त्या वर्षी किती जण बसले आणि कसे होते, यावर क्रमांक अवलंबून असतो. गुणांक मात्र अशा तुलनेसाठीच घडविलेला आहे. शिवाय क्रमांकांच्या शिडीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. शिखरापाशी दोन लगतच्या क्रमांकांत एखाद्या गुणाचे अंतर असू शकते. संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयात मधल्या पट्ट्यात तेवढ्याच एका गुणात शेकडो उमेदवार दाटीवाटीने बसलेले असतात. तेथे एक प्रश्न चुकला म्हणजे क्रमांक कोसळतो, आणि घरातील मंडळींना वाटते की मुलाने काहीतरी मोठाच गोंधळ घातला.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. येथे दोन उंबरठे आहेत आणि त्यांची गल्लत फार जणांकडून होते. पहिला उंबरठा पात्रतेचा. तो ओलांडला की उमेदवार अर्ज करण्यास आणि प्रवेश मिळाल्यास शिष्यवृत्ती मिळविण्यास लायक ठरतो. ही शिष्यवृत्ती २०१४ साली दरमहा ८,००० रुपयांवरून १२,४०० रुपये करण्यात आली. तिच्या बदल्यात विद्यार्थ्याने आठवड्यातून आठ तास प्रयोगशाळेत किंवा अध्यापनात साहाय्य करावे अशी अपेक्षा असते. सामान्य कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने उच्चशिक्षण परवडणार की नाही याचा निर्णय बहुधा याच रकमेवर होतो. दुसरा उंबरठा संस्थेचा. तो कोठेही आधी लिहून ठेवलेला नसतो. ज्या गुणांकाच्या उमेदवाराला शेवटची जागा मिळाली तो त्या वर्षीचा उंबरठा. पात्र ठरूनही एकाही नामांकित संस्थेचे बोलावणे न आलेले उमेदवार दरवर्षी असतात, ते यामुळेच.

हा दुसरा उंबरठा ठरविणाऱ्या शक्ती परीक्षागृहाच्या बाहेर असतात. २०१७ पासून आय.आय.टी.चे एम.टेक. प्रवेश एका सामाईक स्वीकृती-व्यवस्थेतून दिले जातात. संस्था आपापल्या यादीप्रमाणे जागा देऊ करतात. उमेदवाराने ती कायमची स्वीकारावी, हाती राखून अधिक चांगल्या जागेची वाट पाहावी, किंवा नाकारून वाट पाहावी. अशा अनेक फेऱ्या होतात. वरच्या गुणांकाचा उमेदवार दुसरीकडे गेला की त्याची जागा खाली सरकते आणि फेरीगणिक उंबरठा उतरत जातो. एन.टी.पी.सी., ओ.एन.जी.सी., पॉवर ग्रिड यांसारख्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी अभियंत्यांच्या भरतीसाठी गेटच्याच गुणांकाचा उपयोग केलेला असल्याने या हालचालीला आणखी एक कारण मिळाले. यंत्र, विद्युत व स्थापत्य या शाखांतील अग्रगण्य उमेदवारांपैकी अनेकांना एम.टेक. करावयाचेच नसते, त्यांचे लक्ष नोकरीवर असते. काही जण प्रवेश घेतात आणि नेमणुकीचे पत्र येताच अभ्यासक्रम सोडतात. रिकामी झालेली ती जागा पुष्कळदा त्या वर्षी रिकामीच राहते. दहा गुणांकांनी मागे पडलेल्या कोणा दुसऱ्याला ती मिळाली असती.

गुणांकाचे वजन सर्वत्र सारखे नसते, हेही सांगितले पाहिजे. नेहमीच्या एम.टेक. अभ्यासक्रमांत पुष्कळ ठिकाणी गुणांकाची यादी हाच निर्णय असतो. संशोधनावर आधारलेल्या पदव्यांत गुणांकाचे काम उमेदवाराला मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचविण्याचे. पुढचे त्याने पाहावे. तेथे फळ्यावर एक साधे मंडल काढून ‘याचे विश्लेषण करा’ असे सांगितले जाते, आणि पाठांतराच्या बळावर आलेल्या उमेदवाराचा खडू हातातच राहतो. याउलट कोणत्याही आय.आय.टी.ची पदवी दहापैकी आठ किंवा अधिक सरासरी श्रेणीगुणांनी मिळविलेल्यांना या संस्थांत गेटशिवायही प्रवेश मिळू शकतो. आपल्याच गुणपत्रिकेवर संस्थांचा विश्वास आहे. इतरांच्या गुणपत्रिकांसाठी दुभाष्याची गरज. हा भेद समर्थनीय आहे असे म्हणता येईल, पण तो बाहेरच्या विद्यार्थ्याच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही.

मग हा गुणांक खरोखर मोजतो तरी काय? उत्तम गुणांकाचा विद्यार्थी पुढे उत्तम अभियंता वा संशोधक होतो काय? या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त चर्चा झाली ती अमेरिकेतील ‘जी.आर.ई.’ या परीक्षेविषयी. ही परीक्षा १९३६ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांच्या सहकार्याने सुरू झाली. भारतातून परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या अनेक पिढ्यांनी तिच्यासाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकल्या. २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केसी मिलर आणि कीव्हन स्टासून या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, तिच्या गुणांवरून उमेदवारांना वगळण्याची पद्धत स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांना विज्ञानाबाहेर ठेवते, आणि या गुणांवरून पुढील यशाचे भाकीतही नीट होत नाही. २०२० च्या महासाथीनंतर तर अनेक विभागांनी या परीक्षेची अट काढून टाकली किंवा ती ऐच्छिक केली. विशेष म्हणजे, केवळ एका ठराविक गुणसंख्येखाली आहे म्हणून कोणाला प्रवेश नाकारू नये, असा सल्ला ही परीक्षा घेणारी संस्थाच विद्यापीठांना देत आलेली आहे.

तथापि या वादात संख्याशास्त्राचा एक सापळा दडलेला आहे. व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय संघातील खेळाडूंची उंची आणि त्यांचे कौशल्य यांची सांगड घालू पाहिले, तर दोहोंत फारसा संबंध आढळणार नाही. त्यावरून व्हॉलीबॉलला उंचीची आवश्यकता नाही असे मात्र म्हणता येणार नाही. संघात सगळे उंचच आहेत. ठेंगणे आधीच वगळले गेले आहेत. प्रवेशपरीक्षेचे तसेच. ७०० आणि ७२० गुणांकाच्या विद्यार्थ्यांच्या पुढील कामगिरीत फरक दिसला नाही, तर त्यावरून ४०० आणि ७०० यांतही फरक नाही असा निष्कर्ष निघत नाही. ४०० गुणांकाचे विद्यार्थी त्या वर्गात आलेलेच नसतात. परीक्षेची उपयुक्तता नाकारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावयास हवे. आणि तिचे समर्थन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावयाचे ते याच्याच दुसऱ्या बाजूचे: ७०० आणि ७२० यांत अंतर आहे ते अवघ्या दोन गुणांचे. एका रविवारच्या सकाळी एका प्रश्नाचा दशांश चिन्हापुढचा अंक चुकला की नाही, एवढाच तो फरक असू शकतो. परीक्षा दूरचे अंतर बऱ्यापैकी मोजते, जवळचे मोजू शकत नाही. आणि संस्थेचा उंबरठा नेमका जवळच्या अंतरावर पडलेला असतो.

यावर काही संस्थांनी शोधलेला मार्ग म्हणजे अनेक मापांचे मिश्रण. भारतीय व्यवस्थापन संस्था कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवी यांचे गुण, कामाचा अनुभव व मुलाखत यांनाही ठराविक वजन देतात. एका दिवसाच्या दुर्दैवाचा परिणाम त्यामुळे सौम्य होतो. परंतु पंधराव्या वर्षी दिलेल्या शालान्त परीक्षेचे गुण पंचविसाव्या वर्षी आडवे येणे हे अनेकांना अन्यायाचे वाटते. शिवाय निरनिराळ्या परीक्षामंडळांचे गुण एकत्र आणले की आपण ज्या प्रश्नापासून निघालो तोच प्रश्न मागील दाराने परत घरात शिरतो.

सुरुवातीच्या त्या ६२ टक्केवाल्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या महाविद्यालयाचे नाव निवडसमितीतील कोणी ऐकलेले नाही. त्याच्यासाठी शिफारस करणारे कोणी ओळखीचे प्राध्यापक नाहीत. त्याच्याजवळ फक्त तीन तासांचा एक गुणांक आहे, आणि तो ७२० असेल तर त्याला मुंबईत किंवा मद्रासला जागा मिळेल. ८४ टक्केवाला ५४० वर असेल तर मागे राहील. शिकवणी वर्गांचे भरमसाट शुल्क, वर्षभर नोकरी न करता तयारी करण्याची ऐपत, जवळच्या शहरात असलेले परीक्षाकेंद्र, संगणकाच्या पडद्यावर प्रश्न सोडविण्याचा सराव, या गोष्टी सर्वांना सारख्या मिळत नाहीत हे खरेच. पण परीक्षा उठवून टाकली तर त्याच्या हाती उरणार आहे ती ६२ टक्क्यांची गुणपत्रिका. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच परीक्षेला बसण्याची मुभा २०२१ पासून मिळाली आहे. त्यामुळे असा विद्यार्थी आता पहिला प्रयत्न सरावादाखल तिसऱ्या वर्षी करतो, दुसरा चौथ्या वर्षी, आणि पहिल्याचा गुणांक अधिक असेल तर तोच अर्जावर लिहितो. तीन वर्षांची मुदत तोपर्यंत संपलेली नसते.